अमेरिकेतल्या काउंटीचं मध्यक घरगुती उत्पन्न कसं काढायचं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

एका काउंटीतलं (काउंटी म्हणजे राज्याखालचा, आपल्या जिल्ह्यासारखा प्रदेश) साधारण घर वर्षाला किती कमावतं, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या प्रबंधात येतो, अनुदानाच्या अर्जात येतो, दुकानासाठी जागा बघतानाही येतो. इंटरनेटवर शोधलं की एकाच काउंटीचे तीन-चार वेगवेगळे आकडे दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो. बहुतेक वेळा त्यातला एकही आकडा चुकीचा नसतो. कोणी कुटुंबाचा आकडा दिलेला असतो तर कोणी घराचा, कोणी पाच वर्षांचा तर कोणी एका वर्षाचा, कोणी नुसत्या पाहणीतला तर कोणी मॉडेलमधून काढलेला. हे सगळे अंदाज आहेत आणि प्रत्येक अंदाजाला कमी-जास्तपणाची एक पट्टी चिकटलेली असते. ती पट्टी सोडून नुसता आकडा उचलला की पुढचं काम कच्चं राहतं.

मध्यक म्हणजे काय, हे शाळेत शिकलेलंच आठवा. सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभी केली की बरोबर मधल्या घराचं उत्पन्न म्हणजे मध्यक. दोन-चार अब्जाधीश राहायला आले तर सरासरी उसळी मारते, मध्यक जागचा फारसा हलत नाही. म्हणून उत्पन्नासाठी मध्यकच वापरतात.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाने एक फरक लक्षात ठेवावा. आपल्या राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न असतं. जिल्ह्यात जे मूल्य निर्माण झालं त्याला लोकसंख्येने भागून तो आकडा येतो. तो घरांच्या रांगेतून काढलेला नसतो, म्हणून तो आणि काउंटीचा मध्यक एका तक्त्यात शेजारी मांडू नका.

काय काय जवळ हवं

- एक्सेल किंवा लिब्रेऑफिस. काम मोठं असेल तर आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा.
- सेन्सस ब्युरोच्या, म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या, डेटा संकेतस्थळाचा पत्ता. खातं उघडावं लागत नाही.
- प्रोग्रॅममधून माहिती ओढायची असेल तर सेन्ससची एपीआय की, म्हणजे प्रोग्रॅमने माहिती मागताना द्यायचा कोड. ती फुकट मिळते, ईमेलवर येते. आरमध्ये ‘टायडीसेन्सस’ हे पॅकेज असेल तर बरंच काम हलकं होतं.
- काउंट्यांच्या पाच अंकी फिप्स कोडची यादी, तुमच्या माहितीच्या वर्षाचीच.
- एक कोरी वही किंवा फाइल. कोणता तक्ता, कोणतं वर्ष, कोणत्या तारखेला उतरवला, हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

तक्त्यांचे कोड या लेखात देवनागरीत दिले आहेत. शोधताना ते रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करा.

१. नेमकं काय मोजायचंय ते ठरवा

अमेरिकी पाहणीत ‘हाउसहोल्ड’ आणि ‘फॅमिली’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींना आपण कुटुंब म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. या लेखात हाउसहोल्डला ‘घर’ आणि फॅमिलीला ‘कुटुंब’ म्हटलं आहे. घर म्हणजे एका निवासात राहणारी सगळी माणसं, मग ती नात्यातली असोत वा नसोत. एकटा राहणारा माणूस हेही एक घरच. कुटुंब म्हणजे रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्याने बांधलेली किमान दोन माणसं. एकटे राहणारे वगळले जात असल्याने कुटुंबांचा मध्यक साधारणपणे घरांच्या मध्यकापेक्षा वर असतो.

अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे एसीएस, या पाहणीतले हे तक्ते ओळखून ठेवा:

- बी१९०१३: घरांचं मध्यक उत्पन्न. बहुतेकांना हाच हवा असतो.
- बी१९११३: कुटुंबांचं मध्यक उत्पन्न.
- बी१९३०१: दरडोई उत्पन्न.
- बी१९००१: उत्पन्नाच्या १६ गटांत किती घरं आहेत. सातव्या पायरीत हा लागेल.
- बी१९०२५: काउंटीतल्या सगळ्या घरांचं एकूण उत्पन्न. याला घरांच्या संख्येने भागलं की सरासरी मिळते.

परवडणाऱ्या घरांच्या योजनेत ‘एरिया मीडियन इन्कम’ असा शब्द येतो. तो आकडा गृहनिर्माण खातं कुटुंबांच्या मध्यकावरून ठरवतं आणि त्यांची हद्द बऱ्याच ठिकाणी काउंटीपेक्षा मोठी असते. त्या योजनेसाठी अर्ज करत असाल तर तोच आकडा घ्या. इतर कामासाठी तो काउंटीचा मध्यक म्हणून वापरू नका.

उत्पन्नात काय धरतात तेही एकदा समजून घ्या. १५ वर्षांवरील प्रत्येकाचं, कर कापण्याआधीचं, रोख स्वरूपातलं उत्पन्न धरतात: पगार, धंद्यातला नफा-तोटा, व्याज, भाडं, सोशल सिक्युरिटी, पेन्शन, रोख सरकारी मदत. शेअर किंवा घर विकून झालेला नफा धरत नाहीत. अन्नमदतीची किंमत आणि मेडिकेअर-मेडिकेडसारख्या आरोग्यसुविधांची किंमतही धरत नाहीत. वसतिगृहं, तुरुंग, वृद्धाश्रम अशा सामूहिक निवासांतली माणसं घरांच्या हिशेबात येतच नाहीत. मात्र कॅम्पसबाहेर खोली घेऊन राहणारे विद्यार्थी येतात. विद्यापीठाचं गाव असलेल्या काउंटीचा मध्यक खाली दिसला तर हे कारण आधी तपासा, ‘गरीब काउंटी’ असा शिक्का मारण्याची घाई करू नका.

२. काउंटी नावाने नाही, कोडने ओळखा

वॉशिंग्टन नावाची काउंटी सुमारे ३० राज्यांत आहे. नाव जुळवून दोन तक्ते जोडायला गेलात तर चुकीची जोडी लागणारच. प्रत्येक काउंटीला पाच अंकी फिप्स कोड असतो: पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीचा, म्हणजे आपल्या लोकांना माहीत असलेलं एडिसन जिथे आहे तिचा, कोड ३४०२३. लॉस एंजेलिसचा ०६०३७.

बरेच लोक अडकतात ते इथे. एक्सेल ०६०३७ ला संख्या समजतं आणि पुढचं शून्य खाऊन ६०३७ करतं. मग कॅलिफोर्निया, अलाबामा, ॲरिझोना, कनेक्टिकट अशी शून्याने सुरू होणारी राज्यं जोडणीतून गळतात, तीही चूक न दाखवता. फाइल थेट डबल क्लिक करून उघडू नका. ‘इम्पोर्ट’ करा आणि कोडचा स्तंभ ‘टेक्स्ट’ ठेवा. शून्य आधीच गेलं असेल तर एक्सेलच्या टेक्स्ट फंक्शनने पाच शून्यांचा साचा देऊन ते परत आणता येतं.

दुसरा सापळा शहरांचा. व्हर्जिनियात ३८ शहरं काउंटीबाहेरची, स्वतंत्र आहेत. फेअरफॅक्स काउंटी ५१०५९, फेअरफॅक्स शहर ५१६००. मेरीलँडमध्ये बाल्टिमोर काउंटी २४००५ आणि बाल्टिमोर शहर २४५१०. हे दोन वेगळे प्रदेश आहेत आणि त्यांची उत्पन्नंही वेगळी आहेत. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. हिशेबात त्या काउंट्याच.

तिसरा सापळा बदललेल्या हद्दींचा. साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झाली आणि तिचा कोड ४६११३ वरून ४६१०२ झाला. अलास्कातल्या वाल्डेझ-कॉर्डोव्हाचे २०१९ मध्ये दोन भाग झाले. कनेक्टिकटमध्ये तर २०२२ च्या माहितीपासून जुन्या ८ काउंट्यांऐवजी ९ नियोजन प्रदेश आले आणि त्यांच्या हद्दी जुन्यांशी जुळत नाहीत. तिथे जुनी-नवी तुलना थेट करताच येत नाही. कनेक्टिकटचा हा बदल धरून एकूण काउंट्या ३,१४४ होतात. जोडणीनंतर तुमच्या ओळी किती उरल्या ते दर वेळी मोजा.

३. स्रोत निवडा

तीन मुख्य पर्याय आहेत.

*एसीएस एक वर्ष.* फक्त ६५,००० किंवा जास्त लोकसंख्येच्या काउंट्यांसाठी. एकूण काउंट्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा यात बसतो. माहिती ताजी असते. २०२० साली साथीमुळे प्रतिसाद इतका घसरला की त्या वर्षाचे नेहमीचे एक-वर्षीय तक्ते निघालेच नाहीत, फक्त प्रायोगिक आकडे आले. वार्षिक मालिकेत २०२० ची जागा रिकामी ठेवा.

*एसीएस पाच वर्षं.* सगळ्या काउंट्यांसाठी. पाच वर्षांचे नमुने एकत्र करून काढलेला एकच मध्यक, शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये. पाच वार्षिक मध्यकांची ही सरासरी नव्हे. २०१९–२०२३ चा आकडा ‘२०२३ चं उत्पन्न’ म्हणून छापणं चूक आहे. तो त्या संपूर्ण पट्ट्याचा आहे, मधलं साथीचं वर्ष धरून.

*सेपी (SAIPE).* सेन्सस ब्युरोचाच छोट्या प्रदेशांसाठीचा उत्पन्न आणि गरिबीचा अंदाज. जवळपास प्रत्येक काउंटीसाठी, दर वर्षी, एका वर्षाचा आकडा. हवाईतली कालावाओ काउंटी मात्र यात नसते. २०२० च्या जनगणनेत तिथे ८२ माणसं होती. सेपी मुख्यतः शाळांच्या संघीय निधीच्या वाटपासाठी जन्माला आली. पाहणी, आयकराच्या नोंदी आणि इतर सरकारी माहिती मिसळून मॉडेलने हा आकडा काढतात.

निवड अशी करा. काउंटी लहान आहे आणि एका ठरावीक वर्षाचा आकडा हवा आहे, तर सेपी. सगळ्या देशाचा नकाशा एकाच वर्षासाठी रंगवायचा आहे, तरीही सेपी. वंश, वय, भाड्याचं की मालकीचं घर अशी फोड हवी, किंवा काउंटीच्या आतले छोटे भाग हवेत, तर एसीएस पाच वर्षं, कारण सेपी मध्यक उत्पन्नाचा आकडा काउंटीखाली देत नाही. मोठी काउंटी आणि ताजी फोड हवी, तर एसीएस एक वर्ष. एकाच तक्त्यात मोठ्या काउंट्यांना एक-वर्षीय आणि लहानांना पाच-वर्षीय आकडा भरण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरा, कारण त्या दोन रकान्यांचा काळच वेगळा असतो.

आयकर खात्याचे काउंटीनिहाय आकडेही मिळतात. ते थेट वापरू नका. एका घरात दोन-तीन विवरणपत्रं भरली जातात, ज्यांना भरावंच लागत नाही ते गायब असतात, आणि शेअर विकून झालेला नफा त्यात धरलेला असतो. मॉडेलला आधार म्हणून मात्र ही माहिती फार मोलाची आहे.

४. आकडा उतरवा

१. सेन्ससच्या डेटा संकेतस्थळावर बी१९०१३ शोधा.
२. प्रदेशात ‘काउंटी’ निवडा, मग राज्य, मग सगळ्या काउंट्या.
३. वर आधी कोणता संच निवडलेला आहे ते वाचा: एक वर्ष की पाच वर्षं. संकेतस्थळ आपल्या मनाने एक निवडून ठेवतं आणि बरेच जण तो न बघताच फाइल उतरवतात.
४. अंदाज आणि त्रुटीची मर्यादा (अंदाज किती खाली-वर असू शकतो तो आकडा), दोन्ही स्तंभ घ्या.
५. सेपीसाठी त्या वर्षाची राज्य-काउंटी फाइल घ्या. तिच्यात मध्यकासोबत ९० टक्क्यांची खालची आणि वरची मर्यादा असते. अमेरिकेतल्या फेड बँकेच्या ‘फ्रेड’ संग्रहातही काउंटीवार मालिका मिळते, तीही सेपीचीच.

एपीआयमधून ओढलेल्या माहितीत कधी कधी उणे ६६,६६,६६,६६६ असा आकडा येतो. ते उत्पन्न नव्हे, ‘अंदाज काढता आला नाही’ अशी ती खूण आहे. नमुना फारच छोटा असेल तर ही खूण दिसते. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० मध्ये ६४ माणसं मोजली गेली. अशा ठिकाणी पाहणी काय हाती देणार! या खुणा आधी रिकाम्या करा. एकही राहिली तर राज्याची सगळी बेरीज नासते. २,५०,००१ हाही खरा आकडा नसून ‘अडीच लाखांपेक्षा जास्त’ अशी खूण आहे. काउंटीच्या पातळीवर ती सहसा भेटत नाही, छोट्या भागांत भेटते.

५. आकड्याची पट्टी तपासा

एसीएस जी त्रुटीची मर्यादा देते ती ९० टक्के विश्वासाची असते. तिला १.६४५ ने भागलं की प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) मिळते. प्रमाण त्रुटीला अंदाजाने भागून शंभराने गुणलं की अंदाज किती टक्के डळमळीत आहे ते कळतं.

समजा एका छोट्या काउंटीचा आकडा ४८,००० डॉलर आणि मर्यादा ९,६०० आहे. प्रमाण त्रुटी ९,६०० ÷ १.६४५ = सुमारे ५,८३६. टक्केवारी १२.२. म्हणजे खरा मध्यक ३८,४०० पासून ५७,६०० पर्यंत कुठेही असू शकतो. इतक्या रुंद पट्टीवरून काउंट्यांची क्रमवारी लावणं म्हणजे चिठ्ठ्या टाकून नंबर देणं. ही डळमळ १२ टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक कामांना चालतं, १२ ते ४० मध्ये इशारा देऊन वापरा, त्यापुढे सोडून द्या, अशी ढोबळ मर्यादा अनेक जण पाळतात. मध्यक उत्पन्नासाठी ४० ही सूट फार सैल आहे. २० च्या वर गेलं की दुसरा स्रोत बघा.

दोन काउंट्यांत खरंच फरक आहे का, हे बघायचं तर पट्ट्या एकमेकींवर चढतात का ते नुसत्या नजरेने ठरवू नका. एकीचा आकडा ६२,००० ± ३,००० आणि दुसरीचा ६६,००० ± ४,००० धरा. दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: ५,०००. त्याला १.६४५ ने भागा: ३,०४०. फरक ४,००० ला ३,०४० ने भागलं की १.३२ येतं. हे १.६४५ पेक्षा कमी आहे, म्हणून ‘दुसरी काउंटी श्रीमंत’ असं म्हणता येत नाही.

६. सेपीचा आकडा पडताळून बघा

सेपी वापरायची ठरली तरी तिचा आकडा एसीएसच्या पाच-वर्षीय आकड्याशेजारी ठेवा. सेपी त्या-त्या वर्षाच्या डॉलरमध्ये असते, महागाई धरून बदललेली नसते. दोन्हींत थोडा फरक असणारच. सेपी एसीएसच्या पट्टीबाहेर असेल तर कारण शोधा: काउंटीत तेलाचा धंदा आला का, मोठा कारखाना बंद पडला का, हद्द बदलली का. पाच वर्षांचा आकडा अशा घडामोडी उशिरा दाखवतो.

७. दोन-तीन काउंट्या एकत्र करायच्या असतील तर

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मध्यकांची सरासरी काढता येत नाही. घरांच्या संख्येचं वजन लावूनही येत नाही.

हे बघा. पहिल्या काउंटीत तीन घरं: २०, ३० आणि १०० हजार. मध्यक ३०. दुसरीत तीन घरं: ८०, ९० आणि ९५ हजार. मध्यक ९०. सरासरी काढली तर ६०. दोन्हीकडे घरं तीन-तीनच, म्हणून वजन लावूनही ६०. आता सहाही घरं एका रांगेत लावा: २०, ३०, ८०, ९०, ९५, १००. मधली दोन ८० आणि ९०, म्हणून खरा मध्यक ८५. साठ आणि पंच्याऐंशी!

बरोबर रीत अशी आहे. बी१९००१ तक्ता घ्या. प्रत्येक उत्पन्नगटातल्या घरांची काउंट्यांमध्ये बेरीज करा. मग चढती बेरीज करत जा आणि एकूण घरांचा निम्मा आकडा ज्या गटात पडतो तो गट शोधा. त्या गटाच्या आत मध्यक नेमका कुठे आहे ते काढायचं.

एका काल्पनिक जोडीत एकूण १०,००० घरं आहेत, निम्मी ५,०००. ५०,००० डॉलरखाली ४,१०० घरं. ५०,००० ते ५९,९९९ गटात ८००, चढती बेरीज ४,९००. ६०,००० ते ७४,९९९ गटात १,२००, चढती बेरीज ६,१००. म्हणजे पाच हजारावं घर या शेवटच्या गटात आहे.

सरळ रेषेची रीत: ६०,००० + (५,००० − ४,९००) ÷ १,२०० × १५,००० = ६१,२५०.

ही रीत गृहीत धरते की गटात घरं सारखी पसरली आहेत. प्रत्यक्षात मध्यकाजवळच्या आणि वरच्या गटांत खालच्या टोकाला घरं दाट असतात. म्हणून रुंद गटांना पॅरेटोची रीत लावतात. एकूण घरांपैकी ६०,००० च्या वर ०.५१ हिस्सा, ७५,००० च्या वर ०.३९. (०.५१ ÷ ०.३९) चा नैसर्गिक लॉग ०.२६८३ आणि (७५ ÷ ६०) चा ०.२२३१. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १.२०२. आता (०.५१ ÷ ०.५०) चा लॉग ०.०१९८ ला १.२०२ ने भागा, आलेल्या ०.०१६५ चा घातांक काढा आणि ६०,००० ने गुणा: सुमारे ६०,९९६. दोन रीतींत अडीचशे डॉलरचा फरक. गटाच्या मध्यावर फरक आणखी वाढतो. कोणती रीत वापरली ते लिहून ठेवा आणि सगळीकडे तीच वापरा.

जोडायच्या आधी एक चाचणी जरूर करा: एकट्या काउंटीच्या बी१९००१ वरून मध्यक काढा आणि तिच्या बी१९०१३ शी ताडून बघा. थोडा फरक चालतो, कारण ब्युरो आतल्या आत अधिक बारीक गट वापरतं. हजारोंचा फरक आला तर स्तंभ सरकले आहेत. या तक्त्याचा पहिला स्तंभ एकूण बेरजेचा असतो, गट दुसऱ्या स्तंभापासून सुरू होतात. तो पहिला स्तंभही गट समजून बेरजेत धरला की निम्मा आकडाच चुकतो.

गटांच्या बेरजेची त्रुटी काढताना मर्यादांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. शून्य घरं असलेल्या अनेक गटांच्या मर्यादा येत असतील तर त्यातली सगळ्यात मोठी एकदाच धरा, नाहीतर पट्टी उगाच फुगते.

८. लहान काउंटीसाठी स्वतः मॉडेल लावायचं असेल तर

सेपीत नसलेला आकडा हवा असेल, समजा फक्त भाडेकरू घरांचा, तरच या वाटेला जा. या पद्धतीचं नाव फे-हेरियट. फे आणि हेरियट यांनी १९७९ मध्ये छोट्या ठिकाणांच्या उत्पन्नाच्या अंदाजासाठीच ती मांडली. कल्पना साधी आहे: पाहणी जिथे भक्कम तिथे पाहणीवर विसंबा, जिथे लुळी पडते तिथे इतर माहितीवर बेतलेल्या रिग्रेशनचा, म्हणजे इतर आकड्यांवरून उत्पन्न वर्तवणाऱ्या समीकरणाचा, आधार घ्या.

१. पाहणीतल्या मध्यकाचा लॉग घ्या.
२. आधारासाठी आयकर विवरणपत्रांतलं उत्पन्न, काउंटीच्या एकूण उत्पन्नातला सरकारी मदतीचा वाटा, जुन्या जनगणनेतला मध्यक असे स्तंभ घ्या, जिथे जमेल तिथे लॉगमध्ये.
३. सगळ्या काउंट्या मॉडेलमध्ये घ्या. फक्त मोठ्या घेतल्या तर लहानांचं गणित चुकतं.
४. आरमधल्या ‘एसएई’ पॅकेजने बसवा.

वजनाचं गणित हाताने करून बघा, म्हणजे यंत्र काय करतंय ते समजेल. पाचव्या पायरीतली काउंटी घ्या: ४८,०००, डळमळ १२.२ टक्के. लॉगमध्ये पाहणीची चूक ०.१२१६, वर्ग ०.०१४८. मॉडेलची स्वतःची चूक ७ टक्के धरू, वर्ग ०.००४९. पाहणीचं वजन = ०.००४९ ÷ (०.००४९ + ०.०१४८) = ०.२५. म्हणजे पाव भाग पाहणीचा, पाऊण मॉडेलचा. मॉडेल ५४,००० म्हणत असेल तर मिश्र अंदाज लॉगमधून परत येऊन सुमारे ५२,४०० होतो, आणि डळमळ १२ वरून ६ टक्क्यांवर येते. हेच मोठ्या काउंटीसाठी, जिथे पाहणीची डळमळ १ टक्का आहे, केलं तर पाहणीचं वजन ०.९८ निघतं. तिथे मॉडेल जवळपास गप्प बसतं, आणि तेच बरोबर आहे.

तीन गोष्टी सांभाळा. लॉगमधून परत येताना उरलेल्या चुकीच्या वर्गाचा निम्मा मिळवावा लागतो. इथे त्याने शंभरेक डॉलर वाढतात. समीकरणाच्या डावीकडे, म्हणजे जे वर्तवायचं तिथे, ज्या पाच वर्षांचा आकडा आहे त्याच पाच वर्षांच्या पाहणीतला दुसरा आकडा उजवीकडे आधार म्हणून घालू नका. दोघांच्या चुका एकमेकांत अडकतात आणि मॉडेल खोटं छान दिसतं. आणि छोट्या नमुन्यातून आलेली प्रमाण त्रुटी स्वतःच अविश्वसनीय असते. एखाद्या इवल्या काउंटीची त्रुटी संशयास्पद कमी दिसली तर ती तशीच वापरू नका. घरांच्या संख्येवरून सगळ्या काउंट्यांच्या त्रुटींची एक गुळगुळीत रेषा बसवा आणि ती वापरा.

सूक्ष्म माहिती, म्हणजे पाहणीतल्या एकेका घराच्या निनावी नोंदी, वापरायचा विचार असेल तर हे ध्यानात घ्या: तिच्यात काउंटी लिहिलेली नसते, किमान १ लाख लोकवस्तीचे विभाग असतात. तुमची काउंटी त्या विभागांच्या हद्दीशी तंतोतंत जुळत असेल तरच हा रस्ता. तिथे घराचं वजन लावा, माणसाचं नाही, आणि उत्पन्न त्या फाइलमधल्या समायोजन गुणकाने गुणायला विसरू नका.

९. वर्षांची तुलना

पाच-वर्षीय आकड्यांची तुलना करायची तर पट्टे एकमेकांवर चढता कामा नयेत. २०१४–२०१८ ची २०१९–२०२३ शी चालते. २०१८–२०२२ ची २०१९–२०२३ शी केली तर चार वर्षांची माहिती दोन्हीकडे तीच असते आणि दिसणारा बदल फसवा ठरतो.

जुना आकडा आजच्या डॉलरमध्ये आणा. २०१८ चा डॉलर २०२३ मध्ये नेताना साधारण १.२१ ने गुणावं लागतं. म्हणजे ५०,००० चे ६०,५०० झाले तर घरांची ऐपत जागच्या जागीच राहिली. एक-वर्षीय एसीएसमध्ये अजून एक बारकावा आहे: मुलाखती वर्षभर चालतात आणि प्रत्येकाला ‘गेल्या १२ महिन्यांचं’ उत्पन्न विचारतात. जानेवारीत विचारलेल्या घराचं उत्पन्न बहुतांशी आदल्या वर्षाचं असतं. २०२३ चा आकडा खरं तर जानेवारी २०२२ ते नोव्हेंबर २०२३ अशा २३ महिन्यांवर पसरलेला असतो. मंदी किंवा तेजीचं वळण त्यात बोथट होऊन दिसतं.

राहणीमानाचा खर्च हा वेगळा विषय. कॅलिफोर्नियातल्या महागड्या सँता क्लारामधले एक लाख आणि मिसिसिपीतले एक लाख सारखे नाहीत. प्रादेशिक किमतींचे अधिकृत निर्देशांक राज्यं आणि महानगरांसाठी आहेत, काउंटीसाठी नाहीत. महानगराचा निर्देशांक काउंटीला लावत असाल तर तसं स्पष्ट लिहा.

१०. आकडा लिहिताना

तक्त्याखाली या सहा गोष्टी असू द्या: घर की कुटुंब, स्रोत आणि तक्त्याचा कोड, वर्ष किंवा वर्षांचा पट्टा, कोणत्या वर्षाचे डॉलर, ९० टक्क्यांची मर्यादा, आणि माहिती उतरवल्याची तारीख. काउंट्या जोडल्या असतील तर रीतही, पॅरेटो की सरळ रेषा. उदाहरणार्थ: ‘घरांचं मध्यक उत्पन्न ६०,९९६ डॉलर, एसीएस २०१९–२०२३, तक्ता बी१९००१ वरून दोन काउंट्या जोडून पॅरेटो रीतीने, २०२३ चे डॉलर.’ यापुढे मर्यादा आणि तारीख लिहायची. नकाशा काढणार असाल तर २० टक्क्यांपेक्षा जास्त डळमळ असलेल्या काउंट्यांवर तिरप्या रेघा मारा, त्यांना नुसता रंग देऊ नका. गटांच्या सीमा ठरवताना ५९,८०० आणि ६०,१०० अशा दोन शेजारी काउंट्या वेगळ्या रंगांत पडल्या तर दोघींच्या मर्यादा तपासा आणि गरज पडल्यास सीमा सरकवा.